ध्वनियंत्रांचा छंद कसा लागतो : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक आढावा

गाणी ऐकण्याचे एखादे यंत्र बहुतेक घरांत असते, पण त्या यंत्राचा छंद मोजक्यांनाच लागतो. रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, टेप, अॅम्प्लिफायर, स्पीकर यांत आयुष्यभर रमणारा माणूस तीन खुणांनी ओळखता येतो. एकच गाणे दोन यंत्रांवर वेगळे वाजते हे त्याच्या कानाला कळते. तो फरक कशामुळे पडतो, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देत नाही. आणि आवाज सुधारण्यासाठी तो स्वतः काहीतरी करून पाहतो. गाण्याच्या शौकिनाचे लक्ष गायकाकडे असते, म्हणून पहिल्या खुणेपलीकडे जाण्याची गरज त्याला वाटत नाही. महागड्या वस्तूंची हौस असणाऱ्याचे समाधान खरेदीपाशी संपते. यंत्राच्या छंदिष्टाचे काम मात्र खरेदीनंतर सुरू होते.

हा छंद महानगरांचा आणि पैसेवाल्यांचा, असा समज आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातला भंडारा जिल्हा तो तपासून पाहायला सोयीचा आहे. धानाची शेती, तलाव, पितळी भांडी आणि कोशाचे रेशीम ही त्याची ओळख. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यावर भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, पवनी आणि लाखांदूर हे सात तालुके त्यात राहिले. रेकॉर्ड कंपन्या, स्टुडिओ आणि ध्वनियंत्रांच्या चकचकीत दालनांपासून दूर असलेल्या अशा जिल्ह्यात या छंदाची वाट कशी पडते, हे पाहिले की त्याच्या मुळाशी काय असते ते स्पष्ट होते.

आवड रुजण्याचे टप्पे

आवड कशी वाढते यावर सुझान हिदी आणि अॅन रेनिंगर यांनी २००६ मध्ये मांडलेला चार टप्प्यांचा आराखडा शिक्षणक्षेत्रात बराच वापरला जातो. पहिल्या टप्प्यात एखाद्या प्रसंगाने आवड चाळवते. दुसऱ्यात तसे प्रसंग पुन्हा पुन्हा घडून ती टिकते. तिसऱ्यात ती त्या व्यक्तीची स्वतःची होऊ लागते; कोणी सांगितले नाही तरी माणूस त्या विषयाकडे वळतो. चौथ्यात ती मुरते, आणि अडचणी आल्या तरी सुटत नाही. पहिले दोन टप्पे भोवतालावर अवलंबून असतात. आधार तुटला तर आवड कोणत्याही टप्प्यावर विरू शकते किंवा मागे जाऊ शकते.

संगीताच्या बाबतीत वयालाही महत्त्व आहे. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर यांच्या १९८९ च्या अभ्यासात माणसाला सर्वांत प्रिय असलेली गाणी त्याच्या वयाच्या २४ व्या वर्षाच्या आसपासची निघाली. २०१३ मध्ये कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांना आणखी एक गोष्ट आढळली. महाविद्यालयीन वयाच्या मुलांना आपल्या काळातल्या गाण्यांविषयीच नव्हे, तर आईवडिलांच्या तरुणपणीच्या गाण्यांविषयीही विशेष ओढ होती. मुलाच्या कानावर पहिली गाणी पडतात ती घरातल्या मोठ्यांची, आणि तीही मोठ्यांच्याच यंत्रावर. म्हणून छंदाची सुरुवात शोधताना फक्त मुलाकडे पाहून चालत नाही. आधीच्या पिढीने घरात काय आणून ठेवले होते, हेही पाहावे लागते.

हे निष्कर्ष ध्वनियंत्रांना लावले तर तीन अटी हाती येतात. एक, नेहमीच्या ऐकण्यापेक्षा वेगळा, चकित करणारा आवाज कानावर पडला पाहिजे. दोन, तो पुन्हा ऐकण्याची किंवा ताडून पाहण्याची सोय हवी. तीन, यंत्राला हात लावण्याची मुभा हवी. गेल्या शंभर वर्षांत घरात आलेले प्रत्येक यंत्र या तीन अटी कमीअधिक प्रमाणात पूर्ण करत आले आहे.

गावाचा आवाज

ग्रामीण भंडाऱ्यात मोठा केलेला आवाज मुलाला आधी ऐकू येतो तो बहुधा घराबाहेर. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. तिच्या निमित्ताने दंडार, खडी गंमत आणि झाडीपट्टी रंगभूमीची नाटके रात्रभर चालतात. शंकरपटाची (बैलांच्या शर्यतीची) घोषणा, भजनमंडळ, गणेशोत्सव, लग्न आणि १४ एप्रिलची भीमजयंती या सगळ्यांत माइक आणि भोंगा आलाच. १९४० पासून दिल्लीत यंत्रे बनवणाऱ्या अहुजा कंपनीचे नाव या वर्गातल्या अॅम्प्लिफायरला जवळजवळ जातिवाचक होऊन बसले आहे.

भोंग्याचा गुण आणि दोष एकाच ठिकाणी आहे. त्याच्या निमुळत्या नळीमुळे थोड्या विजेत भरपूर आवाज निघतो, आणि शिवारापलीकडच्या वस्तीपर्यंत शब्द पोहोचतो. पण तो माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यापुरताच चांगला असतो. ढोलकीचा घुमारा त्यातून येत नाही. रंगमंचाजवळ बसून तबला आणि हार्मोनियम ऐकलेला मुलगा तेच मैदानाच्या टोकाला भोंग्यातून ऐकतो, तेव्हा काहीतरी गळाले आहे हे त्याला जाणवते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. त्यामुळे दूरच्या दोन भोंग्यांतून एकच वाक्य मागेपुढे ऐकू येते, आणि लांबून पाहणाऱ्याला नटाचे ओठ आणि शब्द यांत अंतर पडलेले दिसते. ही कोडी कोणी शिकवत नाही, तरी चौकस मुलाला ती पडतात. माइकवाल्याच्या पेटीशेजारी बसून तो कोणती खुंटी फिरवतो हे पाहणारी दोन-चार मुले प्रत्येक मंडपात असतात. आवड चाळवण्याचा पहिला टप्पा अनेकदा इथेच पार पडतो.

सार्वजनिक आवाजात निवड मात्र नसते. काय लावायचे, किती वाजवायचे, कधी बंद करायचे हे दुसरे कोणी ठरवते. घरच्या यंत्राचे मोठे आकर्षण हेच की तो अधिकार आपल्याकडे येतो.

चावीचा ग्रामोफोन

भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाची सुरुवात १९०२ मध्ये कोलकात्यात झाली. फ्रेड गैसबर्ग यांनी तिथे गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. १९०८ मध्ये सियालदहला तबकड्या बनवण्याचा कारखाना निघाला आणि पुढे तो डमडमला गेला. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. चावी दिलेल्या स्प्रिंगवर यंत्र चाले, त्यामुळे वीज नसलेल्या गावातही ते वाजे. पोलादी सुई एखाद-दुसऱ्या बाजूनंतर बदलावी लागे.

या तबकड्यांचा मुख्य बांधक पदार्थ म्हणजे लाख. पळस आणि कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून ती मिळते. जगाला लाख पुरवणारा प्रमुख देश भारत होता, आणि भंडारा-गोंदियाच्या जंगलपट्ट्यातही ती गोळा होत असे. जंगलातला माल तबकडी होऊन जिल्ह्यात परत आला, तरी ती ऐकणारे थोडेच होते. मालगुजार, वकील, व्यापारी अशा घरांपुरताच ग्रामोफोन होता. त्याच्याजवळ बसायला मिळणारी मुले थोडी, आणि त्याला हात लावू दिली जाणारी त्याहून थोडी.

छंदाच्या दृष्टीने ग्रामोफोनने दुसरी अट प्रथम पूर्ण केली. तेच गाणे हवे तेव्हा, तसेच्या तसे पुन्हा ऐकता येऊ लागले. पुनरावृत्तीमुळेच लक्ष शब्दांवरून आवाजाच्या पोताकडे वळते. नवी सुई आणि झिजलेली सुई यांतला फरक कळायला तबकडी तीच असावी लागते.

रेडिओ : वाट पाहण्याची शिस्त

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. त्या वेळी भंडारा मध्य प्रांतात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. साठेक किलोमीटरवरचे नागपूर मध्यम लहरींवर स्वच्छ लागे, आणि मराठी व हिंदी दोन्ही भाषा कानावर पडत. रेडिओ ठेवायला परवाना लागे. तो टपाल कार्यालयातून मिळे आणि दरवर्षी नवा करावा लागे. ही पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली.

परवान्याच्या काळात रेडिओने मुलांना दूरच्या स्टेशनांचा नाद लावला. माहिती व प्रसारण मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीवर चित्रपटगीतांना जवळजवळ मज्जाव झाला. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५२ मध्ये तिथे अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची रात्र ठरून गेली. आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करून याला उत्तर दिले. १९६७ मध्ये विविध भारतीवर जाहिराती आल्या, त्या पहिल्यांदा मुंबई, पुणे आणि नागपूर येथून. मराठी घरांत १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे केंद्रावरून चाललेल्या ‘गीतरामायणा’नेही ठरलेल्या वेळी यंत्रासमोर बसण्याची सवय लावली.

सिलोन लघुलहरींवर येई. या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन जमिनीवर येतात. तो थर तासातासाला बदलतो, म्हणून आवाज मध्येच उंचावतो, मध्येच बुडतो आणि शेजारचे स्टेशन घुसते. सिलोन लावणे हे त्यामुळे कौशल्याचे काम होते. काटा केसभर हलवायचा, छतावरची जाळीची एरियल फिरवायची, तिची तार लांबवायची, कोणत्या वेळी कोणता बँड चांगला लागतो हे लक्षात ठेवायचे. वाल्वच्या रेडिओत सुरुवातीचे अर्धे मिनिट वाल्व तापण्याची वाट पाहावी लागे. काही संचांत हिरवा मॅजिक आय असे, आणि त्याची पाकळी मिटली की स्टेशन नीट लागले असे समजे. घरातला जो मुलगा हे सारे जमवी, त्याला घरात मान मिळे. यंत्रावर आपली हुकमत चालते ही जाणीव छंदाला खतपाणी घालते.

रेडिओवर गाणे पुन्हा ऐकता येत नसे. दुसरी अट अशी अपुरी राहिली, पण त्या उणिवेचा एक फायदा झाला. गेलेले गाणे परत कधी लागेल याचा नेम नसल्यामुळे ऐकताना पूर्ण लक्ष द्यावे लागे. त्या पिढीतल्या श्रोत्यांना गाण्यापूर्वीच्या वाद्यमेळातला एकेक तुकडा पाठ असे, तो याच एकाग्रतेमुळे.

ट्रान्झिस्टर आणि सेल

ट्रान्झिस्टरवर चालणारा पहिला व्यापारी रेडिओ १९५४ मध्ये अमेरिकेत आला. भारतात हे संच १९६० च्या दशकात पसरले. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले, पण गावोगाव वीज पोहोचायला पुढची अनेक वर्षे लागली. सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरला तिची वाट पाहावी लागली नाही. तो धुऱ्यावर, खळ्यावर, बैलगाडीत गेला. लग्नात जावयाला द्यायच्या वस्तूंत घड्याळ आणि सायकलीबरोबर त्याचीही जागा पक्की झाली.

इथेही जिल्ह्याच्या मातीचा संबंध येतो. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग या खुल्या खाणीतून निघणारे मँगनीज डायऑक्साइडचे खनिज कोरड्या सेलच्या उद्योगात वापरले जाते. सेलमध्ये हा पदार्थ रासायनिक क्रिया चालू ठेवतो. तो वापरून संपत आला की सेलचा दाब उतरतो आणि आवाज फाटू लागतो. उतरलेले सेल उन्हात ठेवून आणखी चार दिवस चालवणे हा घरोघरीचा प्रयोग होता. वीज कमी पडली की आवाज फक्त लहान होत नाही, तर बिघडतो, हा ध्वनियंत्रशास्त्राचा महत्त्वाचा धडा मुलांना या सेलांनी दिला. वीज आल्यावर सेलऐवजी लावायचा एलिमिनेटर आला. तो लावताच गाण्यामागे गुणगुण ऐकू आली, आणि ती कुठून येते हा पुढचा प्रश्न तयार झाला. उत्तर असे : ५० हर्ट्झच्या विजेचे एकदिश विजेत रूपांतर नीट गाळले गेले नाही तर बहुधा १०० हर्ट्झचा सूर मागे उरतो. मोठा कपॅसिटर जोडला की तो दबतो.

कॅसेट : तिन्ही अटींचे यंत्र

फिलिप्स कंपनीत लू ओटन्स यांच्या हाताखाली तयार झालेली कॅसेट १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली गेली. भारतातल्या मध्यमवर्गीय आणि ग्रामीण घरांत ती १९८० च्या दशकात शिरली. त्याआधी चित्रपटगीतांच्या बाजारावर एचएमव्हीची जवळजवळ मक्तेदारी होती. टी-सिरीजसारख्या नव्या कंपन्यांनी किमती उतरवल्या आणि स्थानिक भाषांतील गाण्यांना बाजार मिळवून दिला. पीटर मॅन्युएल यांच्या १९९३ च्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात या बदलाचा तपशीलवार अभ्यास आहे. विदर्भात भजने आणि भीमगीते घरोघरी गेली ती कॅसेटवर. नागपूरला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांबरोबर कॅसेटही घेऊन लोक गावी परतत.

जिल्ह्यात दरमहा पगाराची कुटुंबेही या काळापर्यंत वाढली होती. जवाहरनगरची आयुध निर्माणी १९६४ पासून होती. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८२ मध्ये आला, आणि वरठीचा सनफ्लॅगचा पोलाद कारखानाही त्याच दशकातला. ठरलेला पगार म्हणजे हप्त्यावर वस्तू घेण्याची ऐपत. कारखान्याच्या वसाहतीत शिवाय मीटर, सोल्डरिंग आणि विजेची भाषा जाणणारे शेजारी असतात. एखाद्या मुलाचे कुतूहल टिकायला असा एक शेजारी पुरेसा ठरतो.

कॅसेटने तिन्ही अटी एकत्र पूर्ण केल्या. दोन सुटे स्पीकर असलेल्या डेकवर डावीकडे सतार आणि उजवीकडे तबला असा वेगळा आवाज पहिल्यांदा ऐकला की माणूस चकित होई. स्टीरिओची ही कल्पना अॅलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये पेटंटात मांडली होती, पण भंडाऱ्यासारख्या ठिकाणी सर्वसामान्यांना ती कानाने कळली टेपमुळे. पुन्हा ऐकायला रीळ मागे घेतले की झाले. आवडीची गाणी कागदावर उतरवून दुकानातून कॅसेट भरून घेता येई. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये कोणती गाणी आणि कोणत्या क्रमाने, हा निर्णय ऐकणाऱ्याचा असे.

हाताला तर टेपने कामच दिले. अडकलेले रीळ पेन्सिल घालून गुंडाळणे, तुटलेली फीत चिकटवणे, कापसाला स्पिरिट लावून फीत वाचणारे हेड साफ करणे, सैल झालेला रबरी पट्टा बदलणे ही कामे घरच्या घरी होत. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. तो किंचित फिरवला की हेडचा फितीशी असलेला कोन बदलतो आणि गाण्यातला वरचा, झळाळीचा भाग एकदम उघडतो किंवा मंदावतो. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणाऱ्या, चार मिलिमीटरहून अरुंद फितीवर एवढा बारीक फरक एवढा मोठा परिणाम करतो, हे कळलेला मुलगा पुढे कोणतेही यंत्र झाकण लावून नुसते पाहू शकत नाही.

हाताला मिळालेली मुभा

तीन अटींपैकी निर्णायक ठरते ती तिसरी. आश्चर्य अनेकांना वाटते आणि पुन्हा ऐकणेही अनेकांना जमते. पण यंत्र उघडायला मिळाले नाही तर आवड बहुधा ऐकण्यापाशीच थांबते. ही मुभा तीन ठिकाणी मिळे. पहिले घर, जिथे एखादा बिघडलेला रेडिओ ‘याला काय करायचे ते कर’ म्हणून मुलाच्या स्वाधीन होई. दुसरे तालुक्याच्या गावचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान, जिथे गिऱ्हाईक म्हणून आलेला पोरगा बाकावर बसून राही आणि काही दिवसांनी पेचकस धरायला लागे. तिसरे आयटीआयचा रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा वर्ग.

स्वतः जोडण्याची पहिली वस्तू सहसा साधी असे. जर्मेनियम डायोड, तारेचे वेटोळे, हेडफोन आणि लांब एरियल एवढ्यावर चालणाऱ्या क्रिस्टल रेडिओला सेलही लागत नाही. लहरीतच आलेली ऊर्जा कानापर्यंत पोहोचते. त्यानंतर टीबीए ८१० किंवा टीडीए २०३० या आयसीवरचा छोटा अॅम्प्लिफायर येई, आणि धाडस वाढले की २एन३०५५ ट्रान्झिस्टरच्या जोडीवरचा मोठा. सुटे भाग नागपूरच्या बाजारातून आणावे लागत. आकृत्या दिल्लीहून १९६९ पासून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ मासिकातून मिळत, किंवा दुकानदाराने सिगारेटच्या पाकिटावर काढून दिलेल्या असत. पहिल्या जोडणीत अपयश बहुधा ठरलेलेच. ते पचवून चूक शोधणारा तिसऱ्या टप्प्यात जातो. कॅनडातील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९८२ मध्ये ‘गंभीर विरंगुळा’ ही कल्पना मांडली. तिची लक्षणे चिकाटी, कौशल्य कमावणे आणि जाणकारांचे आपले वर्तुळ ही आहेत. दुरुस्तीच्या दुकानातला बाक हे त्या वर्तुळाचे गावठी रूप होय.

कान घडतो तो असा

यंत्र जोडता आल्यावर लक्ष खोलीकडे आणि खोक्याकडे जाते. वुफर मातीच्या माठाच्या तोंडावर पालथा ठेवला की आवाज भरदार होतो, हा प्रयोग भारतभर खेड्यापाड्यांत झालेला आहे. माठातली हवा एका विशिष्ट सुराला साथ देते, म्हणून खालचा आवाज वाढतो, पण तोच एक सूर सतत घुमतो. काही दिवसांनी हे खटकू लागते. तेव्हा प्लायवूडचे खोके बनते, आणि त्याचे आकारमान किती असावे हा प्रश्न येतो. याचे गणित ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडले, आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात पूर्णत्वाला नेले.

घराची बांधणीही शिक्षक होते. बंद जागेत आवाज किती वेळ रेंगाळतो हे जागेच्या आकारमानावर आणि आवाज शोषणाऱ्या वस्तूंवर अवलंबून असते, असे वॉलेस सॅबाइन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्डमध्ये दाखवले. कौलारू छप्पर, मातीच्या भिंती आणि कडेला धानाची पोती असलेल्या खोलीत आवाज लवकर विरतो. तेच स्पीकर स्लॅबच्या, फरशीच्या नव्या घरात नेले की किणकिणतात आणि शब्द एकमेकांत मिसळतात. घर बांधल्यावर ‘टेप बिघडला’ अशी तक्रार ऐकू येते, त्या वेळी पुष्कळदा खोली बदललेली असते.

आकड्यांचीही पारख याच वयात येते. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. १९९० च्या दशकात डेकवर छापलेले पीएमपीओचे (क्षणिक कमाल शक्तीचे) हजारोंचे आकडे म्हणूनच फसवे होते. हळू आवाजात खालचे सूर कानाला कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले. टेपवरच्या ‘लाउडनेस’ बटणाचा उपयोग त्यातून समजतो. जाहिरातीवरून विश्वास उडून स्वतःच्या कानावर आणि मीटरवर बसला, की आवड चौथ्या टप्प्यात पोहोचली असे म्हणता येते.

दाराबाहेर राहिलेले

या वर्णनात सतत ‘मुलगा’ येतो, ते वस्तुस्थितीला धरून आहे. रेडिओ घरात सर्वाधिक वेळ ऐकला तो बहुधा स्त्रियांनी, स्वयंपाक आणि शिवणकाम करताना. पण पेचकस त्यांच्या हाती आला नाही. दुरुस्तीच्या दुकानात मुलीने बसणे रीतीला धरून नव्हते. पश्चिमेतही चित्र फार निराळे नव्हते. कीर केटली यांनी १९९६ च्या लेखात १९४८ ते १९५९ या काळातल्या अमेरिकी हाय-फाय मासिकांचा अभ्यास करून दाखवले की घरातली ध्वनियंत्रे ही पुरुषांची खासगी जागा मानली जात होती. मुलींना कान होता, पुनरावृत्तीची सोय होती; मुभा नव्हती.

पैशाचा अडसर खरा असला तरी त्याचे स्वरूप वेगळे आहे. महाग यंत्र नसल्याने छंद अडला असे कमी घडते. उलट एकुलते एक यंत्र घरच्यांनी कष्टाने घेतलेले असते, आणि ते बिघडेल या भीतीने कोणालाही उघडू दिले जात नाही. टाकाऊ, जुनी, बिघडलेली यंत्रे ज्या घरात किंवा शेजारात असतात, तिथे मुलाला अधिक वाव मिळतो.

छंद सुटतो, टिकतो, परत येतो

शिक्षण, नोकरी आणि संसार यांत बहुतेकांचा छंद काही वर्षे मागे पडतो. २००० च्या दशकातल्या लांबलचक भारनियमनाने ग्रामीण भागात अनेक डेक कपाटात गेले. तरी चौथ्या टप्प्याला पोहोचलेली आवड बहुधा पुसली जात नाही. मुले मोठी झाल्यावर, हाती पैसा आणि वेळ आल्यावर ती परतते. तेव्हा तरुणपणी परवडले नव्हते तेच यंत्र शोधले जाते. होलब्रुक आणि शिंडलर यांच्या निष्कर्षाशी हे जुळते : विशीतल्या गाण्यांबरोबर विशीतले यंत्रही मनात घर करून असते.

परतलेल्या छंदाला संगत लागते. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांना एकत्र आणले आणि ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवले. लहान जिल्ह्यात अशी संस्था उभी राहणे कठीण. तिथे जुना मेकॅनिक, भंगारवाला आणि दोन-तीन समानधर्मी मित्र मिळून ते काम करतात.

आजची सुरुवात

मोबाइल आणि ब्लूटूथ स्पीकर यांनी पुन्हा ऐकण्याची अट पूर्णपणे सोडवली आहे. कोणतेही गाणे, कितीही वेळा, जवळजवळ फुकट. आश्चर्य त्यामुळे कमी झाले, आणि हाताला वाव तर फारच कमी उरला. पृष्ठभागावर चिकटवलेले बारीक भाग आणि गोंदाने बंद केलेली खोकी उघडणे घरगुती साधनांनी जमत नाही. दुरुस्तीपेक्षा नवे घेणे स्वस्त पडते, म्हणून दुकानातला बाकही गेला.

तरीही दोन वाटा उघड्या आहेत. पहिली डीजेची. मिरवणुकीसाठी खोकी बांधणारे, अॅम्प्लिफायर जोडणारे तरुण खेड्यांतही आहेत, आणि यंत्राला हात लावण्याची मुभा आज सर्वाधिक तिथे मिळते. तिथे मोठेपणाला महत्त्व असते, सच्चेपणाला नाही, आणि कान बिघडण्याचा धोका खरा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. मिरवणुकीचा आवाज तिच्या कितीतरी वर जातो. पण त्यातल्या काहींना पुढे साफ आवाजाची गोडी लागते, जशी आधीच्या पिढीला भोंग्यापासून लागली होती. दुसरी वाट तयार सर्किटांची. क्लास-डी अॅम्प्लिफायर आणि ब्लूटूथचे स्वस्त सर्किट टपालाने गावात येते, जोडणीच्या चित्रफिती मराठी-हिंदीत पाहता येतात, आणि जुन्या डेकचे स्पीकर भंगारात मिळतात. अडीचशे पानांचे तांत्रिक पुस्तक न वाचताही एका सुट्टीत चालते यंत्र तयार होते.

ग्रामोफोनपासून मोबाइलपर्यंतचा क्रम पाहता यंत्राची किंमत किंवा आधुनिकता यांनी छंद लागत नाही, हे दिसते. चावीच्या ग्रामोफोनने आणि सेल उतरलेल्या ट्रान्झिस्टरने जे केले, ते महागड्या पण बंद खोक्याला जमत नाही. पालकांना आणि शाळांना करता येण्यासारखे काम त्यामुळे स्वस्तातले आहे : मुलामुलींना एकच गाणे दोन यंत्रांवर ऐकवणे, आणि एक बिघडलेले यंत्र, वीज न जोडता, उघडायला देणे. वीज जोडण्याआधी जाणत्याने शेजारी बसावे, कारण कपॅसिटरमध्ये साठलेला भार बटण बंद केल्यावरही झटका देऊ शकतो.